मिठानं मरणारी आणि मिठात जगणारी : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. एओलिडिया पॅपिलोसा या थंड समुद्रातल्या गोगलगायीवरच्या लेखाला तुम्ही चार हरकती घेतल्यात. मिठानं गोगलगाय विरघळते, मग ही खाऱ्या पाण्यात जगते कशी. समुद्रफुलाचे डंख खाऊन तेच पाठीवर बाळगते ही थाप. लातूर जिल्ह्यातल्या औशाला चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, लावून टाकीत ती का पाळू नये. आणि लेखातल्या कॅलिफोर्नियाच्या फोटोखालचं ‘पॅपिलोसा’ हे नाव चुकलंय.

मिठापासून धरू. रानातली शंखी गोगलगाय विरघळत नाही, सुकते. तिच्या अंगातला द्रव बराच अळणी असतो. वर मीठ पडलं की कातडीतून पाणी बाहेर ओढलं जातं, म्हणून तो फेस. एओलिडियाच्या अंगातला द्रव मात्र भोवतीच्या समुद्राइतकाच खारा, लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार. त्यामुळे ओढाताणच नाही. तिचं मरण उलटं आहे: गोड्या पाण्यात टाकली की पाणी आत शिरून ती फुगते आणि मरते. सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं 1761 मध्ये तिला जमिनीवरच्या बिनशंखी गोगलगायींच्या ‘लिमॅक्स’ प्रजातीतच बसवलं होतं, म्हणजे तुम्ही एकटे नाही.

(मीठ सोयाबीनच्या रानात मात्र टाकू नका. गोगलगाय मरेल, पण मीठ काळ्या जमिनीतच राहील. संध्याकाळी बांधालगत ओली गोणपाटं अंथरा. सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचा आणि साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाका.)

आता डंखाचं. समुद्रफूल म्हणजे सी ॲनिमोन, वनस्पती नव्हे, प्राणी. त्याच्या अंगात सूक्ष्म कुप्या असतात आणि प्रत्येकीत गुंडाळलेली दोरी. धक्का लागला की ती भाल्यासारखी सुटते. खाताना सगळ्या कुप्या फुटायला हव्यात, ही तुमची शंका रास्त आहे, आणि काही फुटतातही. पण गोगलगायीच्या अंगावरचा चिकट स्राव त्यांना सुटू देत नाही. हा स्राव ती ज्या जातीचं समुद्रफूल खात असते, त्याच्याशी जुळलेला असतो. खाद्य बदललं की तो नव्यानं जुळायला काही दिवस जातात, तोवर तिला डंख बसतात. न फुटलेल्या, बहुधा कच्च्या, कुप्या पचनग्रंथीच्या फांद्यांतून पाठीवरच्या मऊ बोटांच्या टोकाशी जातात. तिथल्या पिशवीत त्या साठतात आणि पक्व होतात. मासा तोंड घालतो तेव्हा त्याच सुटतात. समुद्रफूलही गप्प बसत नाही. अँथोप्लूरा नावाचं समुद्रफूल ओरबाडलं की एक रसायन सोडतं आणि शेजारची समुद्रफुलं अंग मिटतात. ते रसायन खाणारीच्या अंगात काही दिवस राहतं, म्हणून पुढच्या समुद्रफुलाला तिची चाहूल आधीच लागते.

टाकीचं सांगतो. ही नॉर्वे, आइसलँड, ब्रिटनच्या खडकाळ किनाऱ्यांवरची. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या दगडांखालपासून शेकडो मीटर खोलीपर्यंत सापडते, फार तर 12 सेंमी. चिलरनं पाणी 10 अंशांवर आणाल, मान्य. 80 लिटरला सागरी क्षारमिश्रण 2.8 किलो लागेल. ते आरओच्या पाण्यातच कालवा. बोअरच्या पाण्याचा भरवसा नाही आणि खाण्याच्या मिठात लागणारं मॅग्नेशियम-कॅल्शियम नसतं. तांब्याची तार किंवा नळी पाण्याला लागू देऊ नका, गोगलगायींना तांबं विष आहे. खरी मेख वीज आणि खाद्याची. मे महिन्यात बाहेर 42 अंश असताना वीज गेली तर चिलरचा कंप्रेसर घरच्या इन्व्हर्टरवर ओढत नाही. खाऱ्या पाण्यात 10 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना जेमतेम 6. आणि ती रोज आपल्या वजनाच्या निम्म्यापासून पूर्ण वजनाइतकं समुद्रफूल खाते. 10 ग्रॅमची असेल तर महिन्याला 150 ते 300 ग्रॅम, तेही थंड पाण्यातलंच. म्हणजे आधी समुद्रफुलांची वेगळी थंड टाकी, आणि गोगलगाय जगणार साधारण वर्षभर. माझं मत विचाराल तर तो पैसा ठिबकाला लावा.

फोटोचं तुमचं बरोबर. कॅलिफोर्नियातली ती जात 2016 मध्ये वेगळी ठरली, तिचं नाव एओलिडिया लूई. युरोपातही त्याच वर्षी तिच्यासारखी दिसणारी एओलिडिया फिलोमेने वेगळी काढली गेली, त्यामुळे नुसत्या फोटोवरून नाव ठोकणं धोक्याचंच. फोटोखालची ओळ बदलली आहे.