भोकांनी उजेड वाढतो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. उत्तराला आठवडा लागला, कारण तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर मी माझाच लेख पुन्हा तपासायला बसलो. लेख होता एलईडीतल्या फोटॉनिक क्रिस्टलवर, म्हणजे प्रकाश देणाऱ्या चिपवर एकसारख्या अंतरावर कोरलेल्या बारीक भोकांच्या रचनेवर. तुम्ही लिहिलंत: "लोहार चाळीत वीस वर्षं दिवे विकतोय. एकाही बल्बात तुमचं फोटॉनिक क्रिस्टल पाहिलं नाही. चिपला भोकं पाडून उजेड वाढत असता तर कंपन्यांनी कधीच पाडली असती. पृष्ठभाग खरखरीत केला की भागतं."

"भोकांमुळे उजेड वाढतो" हे माझं वाक्य चुकलंच. भोकं उजेड तयार करत नाहीत, आत अडकलेला बाहेर काढतात. काचेचा ग्लास पाण्याने भरून डोळ्यांच्या वर धरा आणि बाजूने, खालून पाण्याच्या पृष्ठभागाकडे बघा. तो आरशासारखा चकाकतो, पलीकडचं छत दिसत नाही. निळ्या एलईडीच्या चिपमध्ये हेच होतं, आणि फार जास्त. ती चिप ज्याची बनते त्या गॅलियम नायट्राइडचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचं माप) साधारण 2.5, म्हणजे क्रांतिक कोन, ज्याच्या आतलाच किरण बाहेर पडू शकतो तो, सरळ वरच्या दिशेपासून जेमतेम 24 अंश. त्याहून तिरपा आलेला किरण आतच परततो. सपाट चिपच्या वरच्या बाजूने पहिल्या फेरीत हवेत सुटतो तो जेमतेम 4 टक्के प्रकाश. उरलेला आत आपटत राहतो आणि बराचसा उष्णता होऊन जातो.

खरखरीत पृष्ठभागाने ही कोंडी फुटते, स्वस्तात फुटते, हेही तुमचं बरोबर. घरातला एक बल्ब मी उघडून पाहिला: ॲल्युमिनियमच्या चकतीवर पिवळ्या टिकल्यांसारखे एलईडी आणि वर दुधी टोपी. ती टोपी सगळा प्रकाश पसरवूनच टाकते. तिथे कोण कशाला काहीशे नॅनोमीटर अंतरावर, केसाच्या जाडीत दोनशेच्या वर बसतील अशी भोकं कोरत बसेल?

पण "कंपन्यांनी कधीच पाडली असती" हे मात्र मला मान्य नाही. पाडली होती. अमेरिकेतल्या ल्युमिनस कंपनीने प्रोजेक्शन टीव्हीसाठी अशाच चिप बनवल्या. प्रोजेक्टरचं भिंग ठरावीक कोनातलाच प्रकाश घेतं. त्याबाहेर गेलेला कितीही असो, वाया. खरखरीत पृष्ठभाग किरण सोडवतो, पण जाईल तिकडे जाऊ देतो. एकसारख्या अंतरावरची भोकं त्याला वळवतात, आणि कुठे वळवायचं ते भोकांमधल्या अंतरावर ठरवता येतं. 2009 मध्ये तर पातळ थराच्या अशा एलईडीतून, वर रेझिनचा थर न चढवता, 73 टक्के प्रकाश बाहेर काढल्याचं प्रसिद्ध झालं. मला या विषयाचं वेड आहे ते दिशेवरच्या या ताब्यासाठी. लेखात ते सोडून मी उजेडाच्या आकड्यामागे लागलो, याचं वाईट वाटतं.

आणखी एक चूक तुमच्या नजरेतून सुटली, ती मीच सांगतो. दोन वेगळ्या गोष्टी मी एकत्र कालवल्या. वर लिहिलं ते तयार झालेल्या प्रकाशाला वाट देणं. भौतिकशास्त्रज्ञ एली याब्लोनोविच यांनी 1987 मध्ये मांडलेली कल्पना त्याहून धाडसी होती: फोटॉनिक क्रिस्टलची रचना अशी करा की विशिष्ट रंगाच्या प्रकाशाला आत जागाच नसेल, मग तो प्रकाश जन्मालाच येणार नाही. 2005 मध्ये जपानमधल्या क्योटो विद्यापीठाच्या सुसुमु नोदा यांच्या गटाने भोकं पाडलेल्या अर्धवाहकाच्या पातळ पत्र्यात उत्सर्जनाचा, म्हणजे प्रकाश तयार होण्याचा, वेग पाचपट कमी केला. आणि अडवलेली ऊर्जा पत्र्याला काटकोनात, वरच्या दिशेने बाहेर पडली. तो विजेवर चालणारा एलईडी नव्हता, लेझरने उजळवलेला थर होता. लेखात मी हे सांगायला हवं होतं, कारण या प्रयोगाचा तुमच्या दुकानातल्या बल्बशी आज काहीही संबंध नाही.

लेखातलं वाक्य आता असं केलं आहे: "भोकांमुळे अडकलेला प्रकाश सुटतो, आणि कुठल्या दिशेला सुटावा हे ठरवता येतं." दुधी टोपीचा मुद्दा तुमच्यामुळे सुचला, म्हणून तोही लेखाखाली जोडला आहे.