पट्टा लांब केला म्हणून तळ्यावरचा बर्फ जाड होत नाही

गेल्या पंधरवड्यात एकच व्हिडिओ आमच्या नातेवाइकांच्या गटात तिघांनी टाकला. फोंडा, डिचोली, पेडणे इकडच्या कितीतरी घरांतली मुले आता कॅनडात आहेत, त्यामुळे तो गोव्यातही भरपूर फिरला. त्यात एक मराठी तरुण आपली जुनी स्नोमोबाईल (पुढे स्की आणि मागे फिरता रबरी पट्टा, म्हणजे ट्रॅक, असलेली हिमावरची गाडी) दाखवतो आणि सांगतो: मूळचा १२१ इंची ट्रॅक काढून १३६ किंवा १४४ इंची घाला, फक्त पट्टा बदलायचा असतो, एका दुपारचे काम आहे, मग मशीन कितीही मऊ बर्फात रुतत नाही, इंजिनावर काही फरक पडत नाही, आणि वजन पसरत असल्यामुळे गोठलेल्या तळ्याच्या पातळ बर्फावरूनही ती बिनधास्त नेता येते.

मॅनिटोबात राहणाऱ्या माझ्या भाच्याने तो मला पाठवला आणि खाली लिहिले, "मामा, या रविवारी करून टाकू?" त्याने नुकतीच एक जुनी १२१ इंची मशीन घेतली आहे, आणि त्याच्या घरामागे तळे आहे.

मी सहा हिवाळे ब्रिटिश कोलंबियात स्नोमोबाईल दुरुस्तीत काढले. आता फोंड्यात गॅरेज चालवतो, आणि कापणीच्या दिवसांत दुर्भाट-आडपईकडच्या खाजनांत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या भातशेतांत, रुतलेल्या हार्वेस्टरांचे रबरी पट्टे बघायला जातो. व्हिडिओ करणाऱ्याचा हेतू वाईट असेल असे मला वाटत नाही. पण त्याचे शेवटचे वाक्य माणसाला तळ्याच्या तळाशी नेऊ शकते, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो.

आपण आकाशातून पडणाऱ्यालाही बर्फ म्हणतो आणि गोठलेल्या पाण्यालाही बर्फच म्हणतो. व्हिडिओतला घोटाळा या एका शब्दात लपला आहे. पडलेले असते ते हिम. ते भुसभुशीत असते, त्यात वस्तू रुतते, आणि तिथे दर चौरस इंचावर किती वजन येते याला खरोखर महत्त्व आहे. तळ्यावरचा बर्फ रुतत नाही, तो वाकतो. मशीन वर आली की तिच्याभोवतीचा मोठा घेर पाण्यात किंचित खाली लवतो आणि भार पेलवेना झाला की फुटतो. त्या घेरापुढे पट्ट्याची लांबी काही इंचांनी वाढली काय आणि न वाढली काय, सारखेच. तिथे हिशेब एकूण वजनाचा आणि बर्फाच्या जाडीचा. आणि लांब ट्रॅक, लांब रेल (पट्टा जिच्यावरून सरकतो ती आतली पट्टी), वाढवलेले टनेल (पट्ट्यावरचे धातूचे छप्पर) यांनी एकूण वजन वाढते, कमी होत नाही.

जाडीचा हिशेब तर आणखी कडक आहे. पेलण्याची ताकद साधारणपणे जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलते; जाडी निम्मी झाली की ताकद चौथाईवर येते. कॅनेडियन रेड क्रॉस स्वच्छ, निळसर, घट्ट बर्फासाठी सांगते ते असे: एकट्याने चालायला १५ सेंटिमीटर, घोळक्याने स्केटिंग करायला २०, स्नोमोबाईलला २५. पांढरट, अपारदर्शक बर्फ असेल तर तो निम्म्याच ताकदीचा धरायचा. वर हिमाचा थर असेल तर तो गोधडीसारखे काम करतो आणि खालचा बर्फ सावकाश वाढतो. ओढा तळ्याला मिळतो तिथे, किंवा पाणी वाहते तिथे, चार पावलांत जाडी बदलते. म्हणून ऑगरने, म्हणजे बर्फाच्या गिरमिटाने, भोक पाडून मोजायचे, थोडे पुढे जाऊन पुन्हा मोजायचे. याला दुसरा मार्ग नाही.

ज्यांनी तळे गोठलेले पाहिले नाही त्यांनी वायंगणाच्या, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भातपिकाच्या, आधीचे खाजन आठवावे. उन्हाने वरचा पापुद्रा सुकतो, बांधावरून बघितले तर जमीन वाटते. पोर त्यावरून धावत जाते, म्हैस मात्र पहिल्याच पावलात गुडघाभर आत. तिथे निदान खाली चिखल असतो आणि हाकेच्या अंतरावर माणसे. इथे खाली जवळपास शून्य अंशाचे पाणी असते, आणि जाड बूट, जाड कपडे घातलेला माणूस.

आता "फक्त पट्टा बदलायचा" याकडे येतो. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण वर्कशॉपमध्ये अर्धवट सोडून आणलेल्या मशिनी मी सगळ्यात जास्त याच कामाच्या पाहिल्या.

ट्रॅकचे माप नुसत्या लांबीने होत नाही. आपल्याकडे हार्वेस्टरचा पट्टा मागवताना रुंदी, पिच आणि कड्यांची संख्या असे तीन आकडे सांगावे लागतात. एक चुकला तर पट्टा परत जातो. स्नोमोबाईलचेही तसेच. पिच म्हणजे पट्ट्याच्या एका दात्याच्या जागेपासून पुढच्या दात्याच्या जागेपर्यंतचे अंतर. बऱ्याच जुन्या मशिनींत ते २.५२ इंच, म्हणजे ६४ मिलिमीटर असते. १२१ इंची ट्रॅकमध्ये असे ४८ टप्पे, १३६ मध्ये ५४, १५१ मध्ये ६०. म्हणून पिच तेच ठेवले तर १३६ इंची पट्टा जुन्या दातेरी चाकांवर, ज्यांना तिकडे ड्रायव्हर म्हणतात, बसू शकतो. पण १४४ इंची पट्टा दोन प्रकारचा मिळतो: २.५२ पिचचे ५७ टप्पे, किंवा ३ इंच पिचचे ४८. बाहेरून बघितले तर दोन्ही सारखेच लांब. दुसरा आणलात तर जुने ड्रायव्हर त्यात दाते घालणारच नाहीत. व्हिडिओत पिच हा शब्द एकदाही येत नाही.

जोसेफ-आर्मां बोम्बार्डिए यांना १९३७ मध्ये जे पेटंट मिळाले ते दातेरी चाक आणि पट्टा या जोडीचे होते. पुढे १९५९ मध्ये क्वेबेकमधल्या त्यांच्या वालकूर गावातून पहिली स्की-डू बाहेर पडली तीही त्याच पायावर. पट्टा सुटा नसतो, तो नेहमी जोडीनेच येतो.

पिच जुळले असे समजू. ट्रॅकचा वेढा १५ इंचांनी वाढला म्हणजे त्याच्या आतली रेल त्याच्या निम्म्याने, ७.५ इंचांनी, मागे जायला हवी. काही जण जुन्या रेलीला तुकडा जोडून बोल्ट मारतात. जोड मागच्या चाकाजवळ येतो, आणि उडी मारून मशीन खाली आदळली की सगळा दणका तिथेच बसतो. वाकलेली रेल सरळ करत बसण्यात माझे कितीतरी दिवस गेले आहेत. शिवाय सस्पेन्शनचा मागचा आर्म जुन्याच भोकांत ठेवून रेल फक्त मागे लांबवली तर मागचा भाग लोंबकळतो आणि वजनाचा तोल बिघडतो. टनेलमध्ये नवी भोके मापून पाडावी लागतात. टनेल आखूड राहते, पट्टा मागून बाहेर डोकावतो. म्हणून टनेलही वाढवायचे आणि मागची रबरी झडपही मागे न्यायची. ही झडप काढून टाकलेल्या मशिनी मी पाहिल्या आहेत. फिरत्या ट्रॅकमधून उडालेले बर्फाचे ढेकूळ किंवा निखळलेला स्टड (पकडीसाठी पट्ट्यात बसवलेला खिळा) मागच्या माणसाच्या तोंडावर जाऊ नये म्हणून ती असते. पाण्याने थंड होणाऱ्या मशिनीत ती हिम परत कूलरवरही फेकते.

लगची उंची हा तर मुख्य विषय. पट्ट्यावर बाहेरून उभे असलेले रबरी दात म्हणजे लग. जुन्या रस्त्यावरच्या मशिनीत ते साधारण पाऊण-एक इंच असतात. लांब पट्टा घेताना माणूस दोन इंची लग घेतो, कारण खोल हिमात तेच काम करतात. मग टनेलच्या छताशी आणि समोरच्या कूलरशी जागा उरत नाही. एका गिऱ्हाइकाने घरीच असा पट्टा बसवला होता. स्टँडवर ठेवून हाताने फिरवला तेव्हा कुठेच लागत नव्हता. वेगात पट्टा फुगतो, हे त्याच्या ध्यानात आले नाही. डोंगरावर लगनी कूलर कापला, सगळा कूलंट सांडला, आणि तो रात्रभर एका झाडाखाली बसून राहिला. सकाळी सापडला तेव्हा पायाची दोन बोटे काळी पडली होती.

यावर उपाय आहे. नऊ दात्यांचे ड्रायव्हर काढून त्याच पिचचे आठ दात्यांचे बसवले तर त्रिज्या सुमारे १० मिलिमीटरने कमी होते आणि तेवढी जागा मिळते. पण त्यासाठी चेनकेस (साखळीची तेलाची पेटी) उघडून तेल काढायचे, ड्राइव्ह शाफ्ट बाहेर घ्यायचा, जुने ड्रायव्हर प्रेसवर काढायचे, नवे एका रेषेत बसवायचे. शाफ्ट हातात आलाच आहे तर बेअरिंगही बदलावेच लागतात. वीस-पंचवीस वर्षांच्या मशिनीत यातला निदान एक बोल्ट गंजून मोडतोच. दोन जाणती माणसे, सगळे सामान समोर, गरम गॅरेज असेल तर हे दोन दिवसांचे काम. एका दुपारी जुना पट्टा खाली उतरला तरी पुष्कळ झाले.

लांब पट्ट्याने मशीन "रुतत नाही" हे अर्धे खरे आहे. कठीण जमिनीवर १२१ इंची ट्रॅकचा टेकणारा भाग ४० इंचांच्या आसपास धरू, रुंदी १५ इंच. म्हणजे ६०० चौरस इंच. १३६ इंची केल्यावर ७१२. मशीन, पेट्रोल आणि माणूस मिळून ३३० किलो धरले आणि स्कींवरचा भार बाजूला ठेवला, तर दर चौरस इंचावरचे वजन ०.५५ किलोवरून ०.४६ वर येते. सोळा टक्क्यांची घट, आणि ताज्या हिमात ती जाणवते. मी ते नाकारत नाही. पण थ्रॉटल दाबून धरले तर लांब पट्टाही खड्डा खणतो, फक्त थोड्या उशिरा आणि जास्त खोल. खाजनात मी हार्वेस्टरवाल्यांना हेच ओरडून सांगत असतो: फिरवू नको, थांब, खाली चुडते (माडाच्या झावळ्या) घाल. ज्याला हे कळले त्याची आखूड पट्ट्याचीही मशीन बाहेर येते. हिमात चुडतांऐवजी पायाने हिम तुडवून समोर वाट करायची, एवढाच फरक.

वळणाबद्दल थोडक्यात. लांब मशीन सरळ जायला बघते, घट्ट दाबलेल्या रस्त्यावर पुढची स्की घसरते. लिमिटर पट्टी (सस्पेन्शनचा पुढचा भाग किती खाली येईल ते ठरवणारी) आखडून काही प्रमाणात सुधारते.

"इंजिनावर फरक पडत नाही" हे चूक आहे. पट्टा लांब म्हणजे फिरवायचे रबर जास्त, घर्षण जास्त. क्लचची वजने आणि स्प्रिंग जुन्या भारासाठी लावलेली असतात; ती तशीच ठेवली तर इंजिन हव्या त्या फेऱ्यांपर्यंत चढत नाही, क्लचवरचा बेल्ट घसरतो, तापतो, जळतो. उंचावर तर दर हजार फुटांमागे इंजिनाची ताकद साधारण तीन टक्के उतरते, त्यामुळे रॉकीजमध्ये आठ हजार फुटांवर गेलेल्या माणसाच्या हातात जवळपास पाऊणच इंजिन असते. आठ दात्यांच्या ड्रायव्हरने ओढ थोडी सुधारते, कारण शाफ्टच्या एका फेरीत पट्टा २२.६८ इंचांऐवजी २०.१६ इंच सरकतो. त्याच कारणाने वरचा वेग कमी होतो, आणि शाफ्टवरून चालणारा स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू लागतो.

लांब ट्रॅक हवाच असेल तर त्याच कंपनीची, त्याच घराण्यातली, मूळची लांब ट्रॅकवाली एखादी इंजिन बिघडलेली मशीन शोधावी आणि तिचा मागचा पूर्ण संच घ्यावा: रेल, सस्पेन्शन, ड्रायव्हर, टनेलचा मागचा भाग, झडप. मापे कारखान्याने जुळवलेली असतात. बहुतेकांना हिशेब केल्यावर असे दिसते की आपली मशीन विकून तशी धडधाकट जुनी घेणेच स्वस्त पडते.

भाच्याला मात्र यातले काहीच लागत नाही. मॅनिटोबाच्या त्या भागात डोंगर नाही. तो जातो ती वाट मशिनींनी दाबून घट्ट केलेली असते. त्याला मी लिहिले: पट्टा राहू दे. टप्पे मोज, ड्रायव्हरचे दाते मोज, लगची उंची माप, रेलीखालच्या प्लास्टिकच्या स्लाइडचा फोटो पाठव. हवा तर याच मापात, याच पिचमध्ये सव्वा इंची लगचा पट्टा घेऊ, तोही कूलरपाशी जागा मोजल्यानंतर.

काल रात्री फोटो आले. ४८ टप्पे, नऊ दाते, पाऊण इंची लग, आणि स्लाइड खुणेपर्यंत झिजलेली. स्लाइड मागवली आहे. ऑगर अजून घेतलेला नाही, म्हणून माझ्या बहिणीने त्याला फोन करून सांगितले आहे की ऑगर हातात धरलेला फोटो येईपर्यंत तळ्याकडे फिरकायचे नाही.