पॅकअपनंतर धाब्यावर कोण चढतं?

मागच्या आठवड्यात पुतण्याचा मेसेज आला. आमच्या गावात, चोपडा तालुक्यात, एका वेब सिरीजचं युनिट रेकी, म्हणजे शूटिंगसाठी जागेची पाहणी, करून गेलंय. त्यांना जुना वाडा, केळीची बाग आणि तापीकाठचं देऊळ पाहिजे आणि त्यावरून गावाच्या ग्रुपवर दोन पार्ट्या पडल्यात. एक पार्टी म्हणते येऊ द्या, वाईला बघा कसं सगळं बॉलिवूड जातं, आपल्याकडे काय कमी आहे, उलट खानदेशात फिल्मसिटीच झाली पाहिजे. दुसरी पार्टी म्हणते या लोकांना वेशीच्या आत घेऊ नका, मागच्या वेळेस काय झालं ते विसरले का सगळे. पुतण्यानं शेवटी लिहिलं, काका तुम्ही तिकडे हेच काम करता ना, तुम्हीच सांगा.

हो, हेच काम करतो. ब्रिस्टलला राहतो आणि शूटिंगच्या लोकेशन डिपार्टमेंटमध्ये आहे, दहा वर्षं झाली. जागा शोधायची, मालकाशी बोलायचं, परवानग्या काढायच्या, शूटिंग चालू असताना जागा सांभाळायची आणि सगळे गेल्यावर ती होती तशी परत करायची. लोकांना वाटतं यातलं पहिलं, म्हणजे जागा शोधणं, हेच खरं काम. पण माझा बहुतेक वेळ आणि सगळी काळजी शेवटच्या दिवसाची असते.

मागच्या वेळेस काय झालं ते आधी सांगतो, कारण ते आमच्याच घरात झालं. दोन वर्षांपूर्वी एक युनिट आलं, तीन दिवसांसाठी वाडा मागितला. मोठीमायनं, म्हणजे घरातल्या थोरल्या बाईनं, हो म्हटलं. कागद नाही, काही नाही. मधे एक ओळखीचा माणूस होता, पैसे त्याच्याकडेच गेले आणि घरी एक साडी आणि मिठाईचा पुडा आला. आमचं घर धाब्याचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, धाबं म्हणजे मातीचं सपाट छत: सागाच्या कड्या, त्यावर पाट, त्यावर काटक्या-पाला आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. दरवर्षी पावसाळ्याच्या आधी त्यावर नवीन माती टाकून चोपावी लागते, उतार बघावा लागतो, पाणी कुठं थांबतं ते बघावं लागतं. त्या लोकांनी रात्रीच्या सीनसाठी मोठे लाइट, स्टँड आणि वाळूच्या पिशव्या धाब्यावर चढवल्या, सात-आठ माणसं बूट घालून रात्रभर वर फिरली. खालून काहीच दिसलं नाही. पॅकअप झालं, गाड्या गेल्या, आणि मृगाचा पहिला मोठा पाऊस आला तसं मधल्या खोलीत दोन ठिकाणी धार लागली, खाली गव्हाच्या कोठ्या होत्या, अर्धा गहू गेला, आणि माती उकरून बघितलं तर एक पाट मधोमध तडकलेला. फोन लावला तर नंबर बंद. मी व्हिडिओ कॉलवर रागवलो, निदान लिहून तरी घ्यायचं ना. मोठीमाय म्हणाली, "पाव्हना व्हतात ना भो त्या, नही कसं म्हनवा?"

या वाक्याचं मी काय करू हे मला अजून कळलेलं नाही. कारण इथं इंग्लंडमध्ये मी रोज उलटं बघतो. दार वाजवलं की पहिला प्रश्न पैशांचा, आणि कधीकधी तर टेक चालू झाला की शेजारचा माणूस मुद्दाम गवत कापायचं मशीन चालू करतो, ते बंद करायला आपण जाऊन पैसे द्यावेत म्हणून. आमच्या घरी चाळीस माणसांचा चहा तीन दिवस चुलीवर होत होता आणि एक रुपया कोणी मागितला नाही. ती माया मला इथं कुठंच सापडत नाही. पण त्याच मायेचा फायदा घेऊन कोणी धाबं फोडून जातं हेही खरं आहे.

मग इथं वेगळं काय होतं? रेकीला, इथंही रेकीच म्हणतात, आम्ही जागेचा कोपरा न् कोपरा फोटोत घेतो, भिंतीवरचा जुना ओरखडासुद्धा, म्हणजे नंतर वाद नको. मग कॅमेरा, लाइट, साउंड, आर्टवाले सगळे येऊन टेक रेकी होते. सूर्य किती वाजता कुठं असेल, विमानाचा आवाज येतो का, जनरेटर कुठं ठेवायचा, ट्रक वळेल का, जवळचं हॉस्पिटल कुठलं. शूटिंगच्या आधी आजूबाजूच्या प्रत्येक घरात पत्र टाकतो, कुठल्या तारखेला किती वाजेपर्यंत काय चालेल, आणि खाली माझं नाव आणि मोबाइल नंबर. रात्री अकराला एखादी आजी फोन करते की तुमचा लाइट माझ्या बेडरूममध्ये येतोय, तर मला उठून तो लाइट वळवून घ्यावा लागतो. विमा नसेल तर कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, रस्त्यावर उभंच करत नाही, बऱ्याच ठिकाणी ५० लाख ते १ कोटी पौंडांचा मागतात. तयारीचे दिवस, शूटिंगचे दिवस आणि सामान काढायचे दिवस, यांचे पैसे वेगवेगळे लिहिलेले असतात. जुन्या लाकडी फरशीवर आम्ही प्लास्टिकचे पत्रे अंथरतो आणि लाइट स्टँडच्या प्रत्येक पायाला चिरलेला टेनिस बॉल लावतो. ते बॉल लावताना मला दर वेळेस आमचं धाबं आठवतं, खोटं नाही सांगत.

ब्रिस्टलपासून थोड्या अंतरावर लेकॉक नावाचं गाव आहे. १९४४ ला तिथल्या मालकीणबाईंनी गाव आणि मठ नॅशनल ट्रस्ट या संस्थेला देऊन टाकला. तेव्हापासून गाव इतकं जपलंय की रस्त्यावर वरून जाणाऱ्या वायरी नाहीत, घरांवर टीव्हीचे अँटेना दिसत नाहीत. म्हणून जुन्या काळाची शूटिंग तिथं येतात, हॅरी पॉटरचे काही सीनसुद्धा तिथलेच. शूटिंग येतं म्हणून गाव जपलंय असं नाही, आधी जपलं म्हणून शूटिंग येतं. हा फरक ग्रुपवरच्या पहिल्या पार्टीनं लक्षात घ्यावा.

आणि परदेशात सगळं छान चालतं असं मी म्हणणार नाही. थायलंडमधल्या 'माया बे' नावाच्या किनाऱ्यावर १९९९ मध्ये हॉलिवूडच्या एका युनिटनं वाळूचे ढिगारे सपाट केले, नारळाची झाडं आणून लावली. त्याची केस वीसेक वर्षं कोर्टात चालली. नंतर सिनेमा बघून इतके पर्यटक आणि बोटी आल्या की प्रवाळ मेलं, २०१८ ला किनारा बंद करावा लागला तो २०२२ ला उघडला. म्हणजे "शूटिंग आलं की पर्यटन वाढेल" हे बरोबर आहे, पण त्या वाढलेल्या पर्यटनाचं काय करणार ते कोणी आधी ठरवत नाही.

आता वाईचं. 'गंगाजल'मध्ये वाईनं बिहार केला, 'दबंग'मध्ये उत्तर प्रदेश, 'स्वदेस'चं गावही तिथलंच. लोक म्हणतात कृष्णेचे घाट सुंदर आहेत म्हणून. घाट सुंदर आहेतच, पण आपल्याकडे प्रकाशा गावाला सुद्धा कृष्णेसारखीच आपली तापी आहे, घाट आहेत. वाई मुंबई-पुण्याहून काही तासांवर आहे, शेजारी पाचगणी-महाबळेश्वरची हॉटेलं, आणि मुख्य म्हणजे तिथं वर्षानुवर्षं हे काम करून शिकलेली माणसं आहेत. सुतार, गाडीवाले, गर्दीला उभे राहणारे, परवानगी कुठल्या टेबलावर मिळते ते माहीत असणारे. जळगाव मुंबईपासून चारशे किलोमीटरच्या पुढं, म्हणजे अख्ख्या युनिटचा येण्याजाण्याचा दिवस, भत्ता, हॉटेल, सगळं वाढतं. फिल्मसिटीच्या इमारती बांधून हे अंतर कमी होत नाही, मुंबईत गोरेगावची चित्रनगरी आहेच. आपल्याकडे येण्याचं कारण एकच, जे दुसरीकडे नाही ते इथं आहे. भुसावळचं रेल्वे यार्ड, लळिंगचा किल्ला, सातपुड्याच्या पायथ्याला मैलोन्‌मैल केळी, हिवाळ्यातलं सारंगखेड्याचं घोड्यांचं मार्केट, तोरणमाळचं धुकं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळचा जो उजेड आपल्याकडे पडतो त्यासाठी इंग्लंडमधले कॅमेरामन काय वाटेल ते देतील. मे महिन्यात मात्र पंचेचाळीस डिग्रीत कोणी येणार नाही आणि येऊही नये.

काही जागांना सरळ नाही म्हणायलाही शिकलं पाहिजे. सातपुड्यातल्या काठी गावची आदिवासींची होळी हा सेट नाही, ती माणसं व्रत पाळून येतात, त्यांना विचारल्याशिवाय, त्यांनी हो म्हटल्याशिवाय तिथं कॅमेरा नको, आणि परत टेक द्या हे तर त्यांना म्हणूच नये.

केळीच्या बागेचं वेगळं सांगतो कारण यावेळी तीच मागितलीय. सिनेमावाल्याला बाग म्हणजे हिरवी भिंत दिसते. त्याला ठिबकच्या नळ्या दिसत नाहीत, ट्रकचं चाक एकदा गेलं की ओळच्या ओळ पाण्यावाचून राहते आणि ते दोन दिवसांनी कळतं. कापणीला आलेली बाग असेल तर घडाला घासलं की डाग, डाग पडला की व्यापारी भाव पाडतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली मृगबाग आहे, पावसाळा सरताना लावलेली कांदेबाग आहे की जुन्या झाडाच्या पिलांवर धरलेली पीलबाग, कुठल्या महिन्यात घड कुठवर आलाय, हे आधी बघून तारीख ठरवायची, आणि किती झाडं तोडणार, एका झाडाचे किती, हे आधी लिहायचं.

म्हणून माझं म्हणणं, दोन्ही पार्ट्यांना एकदम. येऊ द्यायचं की नाही हा प्रश्नच नाही, जागेच्या बाजूनं कोण उभं राहणार हा आहे. युनिटकडे पुष्कळ माणसं असतात आणि प्रत्येकजण सिनेमाच्या बाजूनं. गावानं आपला एक माणूस नेमावा, शिकलेला पोरगा किंवा पोरगी, जो पहिल्या रेकीपासून शेवटची गाडी जाईपर्यंत तिथं उभा राहील, त्याचे पैसे युनिटनं द्यावेत. डिपॉझिट आधी, पैसे मालकाच्या खात्यात, मधल्या माणसाला नाही. आणि आपली अहिराणीत शूटिंग करणारी पोरं, मोबाइलवर चार मित्र मिळून करतात ती, त्यांना हे सगळं लावू नका. इथंही बऱ्याच कौन्सिल विद्यार्थी आणि छोट्या क्रूकडून नावापुरते पैसे घेतात किंवा घेतच नाहीत. त्यांच्यातूनच उद्याचा लोकेशन मॅनेजर येणार आहे.

काल रात्री बसून दोन पानी करारनामा मराठीत टाइप केला, आधीचे-नंतरचे फोटो, डिपॉझिट, झाडांचे दर, ठिबक, रात्री दहानंतर जनरेटर नाही, सगळं. पुतण्या तो ग्रामसभेत वाचणार आहे. त्याआधी त्यानं मोठीमायला वाचून दाखवला. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, चहाचे पैसे लावू नको. आणि वर एक ओळ टाकायला सांगितली, ती आता पहिल्या नंबरला आहे: धाब्यावर कोणी चढायचं नाही.