एक मालक पायजे

२०२५ च्या डिसेंबरात मेस्सी वानखेडेवर येऊन गेला आणि दोनच दिवसांत कोल्हापूरहून भाच्याचा फोन आला. ‘हॅलो’ म्हणायच्या सुरावरूनच कळलं, पोराला भांडायचंय. माझ्याशी नव्हे, एकूण जगाशी. लोकांनी हजारो रुपये मोजून मेस्सीला हात हलवताना पाहिलं, आणि तिकडे इंडियन सुपर लीगचा हंगाम सुरूसुद्धा झालेला नाही, हा त्याचा पहिला मुद्दा. दुसरा मुद्दा थेट माझ्यावर आला. “मामा, तुमच्या तिकडं ते तीस हजार वस्तीचं गाव हाय न्हवं, रिआल माद्रिदबरोबर खेळल्यालं? आणि आमी साडेपाच लाख. मग आमालाच काय धाड भरलीया? एक मालक पायजे फक्त. पैशेवाला.”

ते गाव म्हणजे रझग्राद. ईशान्य बल्गेरियातलं. मी राहतो रुसेला, डॅन्यूबच्या काठावर. गाडीनं रझग्राद तासाभराचं. शिरोलीच्या फाउंड्रीत दहा वर्षं कास्टिंगं तपासली, आता इथे मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात तेच करतो. फुटबॉलचा वारसा म्हणाल तर शाहू स्टेडियमच्या तापलेल्या पायऱ्यांवर पेपर अंथरून काढलेल्या दुपारी. तेवढ्या भांडवलावर मी रझग्रादच्या मैदानात जाऊन बसायला लागलो.

रझग्रादची जुनी ख्याती एकच. सन २५१ मध्ये गावाजवळच्या अब्रितुसला गॉथांशी लढताना रोमन सम्राट डेसियस मारला गेला. त्या अब्रितुसचे अवशेष गावाच्या कडेला आहेत, शाळेच्या सहली येतात. नंतर पावणेदोन हजार वर्षं इथे काही घडलंच नाही, अशी थट्टा चालते, पण ती खरी नाही. या भागात तुर्की बोलणारी वस्ती मोठी. कम्युनिस्ट राजवटीनं त्यांची नावं जबरदस्तीनं बदलली, आणि १९८९ च्या उन्हाळ्यात तीन लाखांहून जास्त माणसं सामान बांधून तुर्कस्तानात गेली. काही परत आली, पुष्कळ आलीच नाहीत. त्यानंतर सीमा उघडल्या आणि उरलेल्यांतले तरुण जर्मनीला, स्पेनला. ऐन तिशीची माणसं नसलेलं गाव कसं दिसतं, ते रझग्रादच्या चौकात संध्याकाळी उभं राहिलं की कळतं.

अशा गावातला लुदोगोरेत्स हा क्लब २०१० साली दुसऱ्या श्रेणीत होता. किरिल दोमुस्चिएव या उद्योगपतीनं तो घेतला. त्याची ह्युवेफार्मा कंपनी जनावरांची औषधं बनवते. तिचं एक कार्यालय आपल्या पुण्यातही आहे. भाच्याला हे सांगितल्यावर तो गप्प झाला, आणि बहुधा मनातल्या मनात पुण्याला शिव्या दिल्या. २०११ ला संघ वर चढला. २०१२ च्या मे महिन्यात, पहिल्या श्रेणीतल्या पहिल्याच हंगामात, शेवटच्या सामन्यात सोफियाच्या बलाढ्य सीएसकेएला १–० नं हरवून विजेता झाला. तेव्हापासून २०२५ पर्यंत सलग चौदा विजेतेपदं. चौदा! सलग!

२०१४ च्या ऑगस्टमधली ती एक रात्र इथे कुणालाही विचारा, उभं राहून सांगतात. चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या सगळ्यांत मोठ्या क्लब-स्पर्धेच्या गटात जायचं तर रुमानियाच्या स्तेआवा बुखारेस्टला हरवायचं होतं. पहिला सामना १–० नं गेलेला. परतीच्या सामन्यात नव्वदाव्या मिनिटाला वांडरसननं व्हॉली मारून जादा वेळ मिळवला. ११९ व्या मिनिटाला गोलरक्षक स्तोयानोवला लाल कार्ड. तिन्ही बदली खेळाडू वापरून झालेले. मग कोस्मिन मोत्सी या रुमानियन बचावपटूनं गोलकीपरचा शर्ट चढवला, हातमोजे घातले, पेनल्टीत पहिला गोल स्वतः मारला आणि समोरच्यांच्या दोन अडवल्या. ६–५. रझग्रादच्या स्टेडियमचा एक स्टँड आज त्याच्या नावानं आहे. पुढे रिआल माद्रिद आणि लिव्हरपूल आले. म्हणजे रझग्रादला नाही, सोफियाला आले. गावातलं मैदान तेव्हा युएफाच्या, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाच्या नियमांत बसत नव्हतं. आपल्या गावाचा सगळ्यांत मोठा सामना बघायला गावकऱ्यांनी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास केला. आता घरचं मैदान चांगलं दहा हजारांचं झालंय.

मी तिथे पहिल्यांदा गेलो ते नोव्हेंबरात. प्रत्येकाच्या हातात कागदाचा कोन, त्यात खारवलेल्या सूर्यफुलाच्या बिया. ‘सेमकी’ म्हणतात. दाताखाली उभी धरायची, टचकन फोडायची, टरफल थुंकायचं. नव्वद मिनिटांत पायाखाली चपला बुडतील एवढा थर. मला जमेना, तेव्हा पुढच्या रांगेतल्या आजोबांनी मागे वळून दोनदा करून दाखवलं. ते नातवाशी तुर्की बोलत होते आणि रेफ्रीला शिव्या बल्गेरियनमध्ये घालत होते. नातवाच्या अंगावर हिरवा शर्ट, पाठीवर एका ब्राझिलियनाचं नाव. अर्धा स्टँड रिकामा होता. प्रतिस्पर्धी लहान, थंडी कडक, आणि निकाल सगळ्यांना आधीच ठाऊक. तीन गोल झाल्यावर आजोबा उठले, बियांचा कोन माझ्या हातात दिला आणि घरी गेले.

फायनलला शाहू स्टेडियममध्ये भिंतीवर चढून बसलेली माणसं आठवली. कुणी तीन गोल झाले म्हणून घरी गेल्याचं मी तरी पाहिलं नाही. मारामारी सुरू झाली म्हणून गेलेले पाहिलेत.

कारखान्यातला माझा शेजारी टेबलवाला सोफियाचा आहे, तिथल्या लेव्हस्की क्लबचा पक्का समर्थक. रझग्रादला चल म्हटलं की पेन ठेवून माझ्याकडे असा बघतो, जणू मी त्याला सासुरवाडीला जायला सांगितलंय. त्याच्या मते लुदोगोरेत्स हा क्लबच नाही, कंपनीचं खातं आहे. मी त्याच्याशी भांडतो, कारण सोफियाच्या माणसाला लहान गावाचं यश पचत नाही हेही तितकंच खरं. पण त्याच्याकडे एक गोष्ट आहे जिला माझ्याकडे उत्तर नाही. २०२० च्या सुमाराला लेव्हस्की बुडायला आला होता. पगार थकलेले, कर्जाचा डोंगर. तेव्हा समर्थकांनी पैसे गोळा केले. याच्या वडिलांनी पेन्शनमधून दिले. मी त्याला ‘वर्गणी’ हा शब्द शिकवला. आता तो ऑफिसात कुणाचा वाढदिवस असला की तोच शब्द वापरतो, ‘र्ग’ वर अडखळत.

भाच्याच्या ‘एक मालक पायजे’ला माझं उत्तर मात्र रझग्रादमध्ये सापडलं नाही. ते सापडलं लोवेचमध्ये, आणि तेही चुकून. ओसाम नदीवरचा छपराचा लाकडी पूल बघायला बायको-मुलांना घेऊन गेलो होतो. पुलावर दुतर्फा दुकानं आहेत, मुलांनी तिथे खरेदी केली, आणि एका दुकानात मला केशरी रंगाचा जुना मफलर दिसला. लितेक्स लोवेच. दुकानदारीण म्हणाली, घ्या, अर्ध्या किमतीत देते, आता कोण घेतंय.

लितेक्स म्हणजे रझग्रादच्या आधीचं रझग्राद. तेही लहान गाव, तिथेही एक पैसेवाला मालक, ग्रिशा गान्चेव. क्लबचं नावच त्याच्या कंपनीचं. तिथेही दुसऱ्या श्रेणीतून वर चढल्या-चढल्या विजेतेपद, १९९८ साली. एकूण चार विजेतेपदं, शेवटची दोन २०१० आणि २०११ ची. म्हणजे लुदोगोरेत्सची रांग सुरू झाली ती थेट लितेक्सच्या पाठोपाठ. २०१५ च्या डिसेंबरात लेव्हस्कीविरुद्धच्या सामन्यात रेफ्रीवर चिडून लितेक्सचा संघ मैदान सोडून गेला आणि लीगमधून बाहेर काढला गेला. त्याच सुमाराला सोफियाचा सीएसकेए कर्जापायी तिसऱ्या श्रेणीत फेकला गेला होता. गान्चेवनं सीएसकेए हातात घेतला आणि २०१६ मध्ये लितेक्सचा परवाना वापरून तोच संघ सीएसकेए-सोफिया या नावानं पहिल्या श्रेणीत उतरवला. परवाना, खेळाडू, मालक, सगळं राजधानीला गेलं. लोवेचला राहिलं मैदान आणि दुकानातला मफलर. लितेक्स हे नाव नंतर खालच्या श्रेणीत पुन्हा उभं राहिलं, पण बाई ‘तो नव्हे, आधीचा’ असंच म्हणत होती.

यात बेकायदा काही झालं असं मी म्हणत नाही. मालकाची वस्तू होती, मालकानं नेली.

आपल्याकडे हे झालेलं नाही असं थोडंच आहे? पुण्यात डीएसके शिवाजीयन्स होता. कंपनीचा संघ म्हणून थेट आय-लीगमध्ये आला, लिव्हरपूलच्या नावाची अकादमी काढली, दोन हंगाम खेळला आणि बंद पडला. एफसी पुणे सिटी इंडियन सुपर लीगमध्ये २०१४ पासून खेळला, २०१९ ला संपला, आणि त्याची जागा हैदराबादला गेली. बालेवाडीत नारिंगी शर्ट घालून बसलेली ती पोरं त्यानंतर कुठे गेली, कुणी विचारलं? मला वाटतं, बरीचशी टीव्हीवर मँचेस्टरकडे गेली.

कोल्हापुरात उलटा प्रकार आहे. इथले फुटबॉल संघ पेठांतल्या तालमी-मंडळांचे. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ यांतलं काहीही कुणाला उचलून हैदराबादला नेता येणार नाही. पेठेतली वास्तू कशी नेणार? शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांच्यातली खुन्नस कुठल्या परवान्यावर हस्तांतरित करणार? रझग्रादला पैशांनी आधी संघ मिळाला, आणि आता गेली पंधरा वर्षं तो संघ आजोबांच्या नातवामधून गाव घडवायच्या मागे आहे. आपल्याकडे गाव आयतं आहे, चार पिढ्यांचं. म्हणून मालक शोधणं म्हणजे मला, विहीर असताना टँकर मागवण्यासारखं वाटतं.

हे भाच्याला सांगितलं तर तो भडकला. “मामा, तुमी लांब बसून तालमीचं गुणगान गाऊ नगा. हितं चौदा वर्षाच्या पोराला सराव करायला मैदान गावंना, आणि फायनलला बाहेरनं माणसं आणून खेळवत्यात.” त्याचं खरं आहे. परदेशात राहिल्यावर गावाकडची धूळसुद्धा गुलालासारखी दिसते, आणि मी तालमींच्या भांडणात हंगाम कसे नासतात ते सोयीनं विसरतो. अनिकेत जाधवचंच घ्या. २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळलेला आपला कोल्हापूरचा पोरगा, पण घडायला त्याला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत जावं लागलं. एवढं फुटबॉलवेडं गाव, आणि पोराला घडवायला दुसरं शहर लागतं.

इथे मला रझग्रादचा खराखुरा हेवा वाटतो, आणि तो चौदा विजेतेपदांचा नाही. स्टेडियमच्या जवळच त्यांचा सरावाचा तळ आहे. नाव ‘गरुडांचं घरटं’. एका शनिवारी कुंपणाबाहेर उभा राहून बघत होतो. आठ-नऊ वर्षांची पोरं, प्रत्येकाच्या पायात स्वतंत्र चेंडू. वीस पोरं, वीस चेंडू. आमच्या लहानपणी गांधी मैदानावर बावीस जणांत एक असायचा, त्याची शिवण उसवली की मोच्याकडे नेईपर्यंत खेळ बंद. त्या पोरांना एकदाही रांगेत उभं राहावं लागलं नाही. प्रशिक्षक ओरडतही नव्हता. पाऊस आला तरी सराव थांबला नाही, कारण खालचा निचरा नीट केलेला. दहा मिनिटांत पाणी गायब. फाउंड्रीवाला असल्यामुळे मी त्या निचऱ्याकडेच जास्त बघत बसलो.

पण दोमुस्चिएवनं आधी पहिला संघ विकत घेतला आणि घरटं नंतर बांधलं. म्हणून आजही संघाच्या यादीत रझग्रादची पोरं शोधावी लागतात, आणि मुख्य संघ बहुतांश परदेशी. कोल्हापुरात कुणा उद्योगपतीला हुरूप आला तर मी त्याच्याकडे संघ मागणार नाही. तीन मैदानं मागेन, निचऱ्यासकट, महानगरपालिकेच्या नावावर. तेरा आणि पंधरा वर्षांखालच्या पोरांची लीग, तालमींच्याच नावानं, वर्षातून सहा महिने चालणारी. आणि वीस पोरांना वीस चेंडू. यात त्याचं नाव शर्टावर येणार नाही, त्यामुळे हुरूप टिकेल का, शंका आहे.

भाचा म्हणाला, “येईल की एकादा.” मग जरा थांबून, “तो मफलर घेतला काय मामा?”

घेतला. केशरी आहे, जरा विटलाय. रुसेच्या थंडीत चालतो. परवा बसस्टॉपवर एका म्हाताऱ्यानं तो बघितला, जवळ आला आणि मी लोवेचचा आहे का विचारलं. माझ्या तोंडावळ्याकडे बघून कुणी असा प्रश्न विचारेल, असं वाटलं नव्हतं.