पैसे वाचवायचेत ना? मग हिशोब तेवढा करू नका

काटकसर जमत नाही म्हणून रडणाऱ्यांनो, तुमचं चुकतं ते एवढंच की तुम्ही नको तिथे गणित घालता. सोपं आहे हो. खिशातून नोट बाहेर आली किंवा फोनमधून टुण्ण वाजलं की तो खर्च, बाकी सगळं फुकट. तुमचा रविवार फुकट, गाडीतलं पेट्रोल फुकट कारण ते परवाच भरलंय, गुडघे फुकट, आणि बायकोची दुपार तर लग्नापासूनच फुकट. एवढं एकदा डोक्यात बसलं की पुढचं आपोआप जमतं.

सुरुवात टोमॅटोपासून करा. समजा तुम्ही पुण्यात कोथरूडला राहता आणि बिल्डिंगखाली मावशी ४० रुपये किलोने देतायत. चाळीस! दरोडा आहे हा. "मार्केट यार्डात पंचवीसने आहेत" असं मावशींना ऐकू जाईल इतपत मोठ्याने म्हणा आणि स्कूटर काढून थेट गुलटेकडीचं मार्केट यार्ड गाठा. जाऊन-येऊन वीसएक किलोमीटर, ऍव्हरेज ४५, पेट्रोल शंभरच्या वर, म्हणजे पंचेचाळीस-पन्नास रुपये झाले, पण ते फुकटात धरायचं ठरलंय ना आपलं? आणि एवढ्या लांब जाऊन कोणी किलोभर घेतं का, पाच किलो घ्या. पंच्याहत्तर रुपये वाचले, सोसायटीच्या ग्रुपवर टाकून द्या लगेच. घरात माणसं तीन, त्यामुळे चौथ्या दिवशी पिशवीच्या तळातले टोमॅटो पाणी सोडायला लागतात, तेव्हा घाबरायचं नाही, "घरीच सॉस करू, बाहेरच्या सॉसात काय काय घालतात कुणास ठाऊक" असं म्हणायचं आणि आपण बाहेर जाऊन बसायचं. मग बायकोची दुपार जाते, तासभर गॅस जळतो, साखर-व्हिनेगर वेगळं, आणि तयार झालेल्या सॉसला पोरं हात लावत नाहीत कारण तो "बाटलीतल्यासारखा" लागत नाही. महिन्याने वर बुरशी धरली की गुपचूप ओतून द्या. बरणी मात्र धुऊन ठेवा हं, बरणी चांगली असते.

तेलाचा डबा घेताना तर अजिबात चष्मा लावू नका. एका दुकानात डबा शंभर रुपयांनी स्वस्त आहे ना, विषय संपला, उचला. त्यावर १५ किलो लिहिलंय की १५ लिटर असले खवचट प्रश्न विचारणारी माणसं आयुष्यात पुढे जात नाहीत. तेल पाण्यापेक्षा हलकं, लिटरभर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे १५ लिटरच्या डब्यात तेल साडेतेरा किलोच्या थोडंसं वर, आणि १५ किलोच्या डब्यापेक्षा ते सव्वा-दीड किलो कमी. दीडशे रुपये किलोने हिशोब केला तर शंभर वाचवायला तुम्ही दोनशेचं तेल दुकानात सोडून आलात. पण सांगणार कोण? डबे तर बाहेरून सारखेच दिसतात.

पाकिटांचंही तसंच. सरकारने आता एमआरपीच्या आसपास दर ग्रॅमला किंवा दर मिलीला किती पडतं तेसुद्धा छापायला लावलंय, म्हणजे पाकिटाने स्वतःच उत्तर लिहून दिलंय, तुम्ही फक्त वाचायचं. तरी वाचू नका. वाचलंत तर कळेल की पाच रुपयांचा बिस्किटपुडा इतकी वर्षं पाचलाच कसा राहिला (पुडा राहिला हो, आतली बिस्किटं बारीक होत गेली). आणि वाचलंत तर "मोठा पॅक नेहमी स्वस्त" ही घराण्याची श्रद्धाही जाईल, कारण आपल्याकडे शाम्पूची रुपया-दोन रुपयांची पुडी बऱ्याचदा त्याच शाम्पूच्या मोठ्या बाटलीपेक्षा मिलीमागे स्वस्त पडते, ती पण चांगली निम्म्याने वगैरे. बाटली बाथरूममध्ये दिसते छान, पोरं तळहातभर ओततात, आठ दिवस पुरेल असा एकेकाचा अभिषेक होतो. पुड्यांची माळ लटकवली तर पाहुणे काय म्हणतील? बाटलीच घ्या.

आता पंखा. इथे तुमच्या काटकसरीची खरी परीक्षा आहे म्हणून नीट ऐका. दुकानदार म्हणेल साधा पंखा दीड हजार, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) तीन हजार. तुम्ही म्हणा, हवा दोघांची सारखीच ना? आणि साधा घेऊन विजयी मुद्रेने बाहेर पडा. साधा पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी तिसाच्या आसपास. हॉलमधला पंखा दिवसाला पंधरा तास फिरतो असं धरा, थंडीचे दोन महिने सोडा, तरी वर्षाला दोनशे युनिटचा फरक पडतो. महावितरणच्या बिलात शंभर युनिटच्या पुढच्या स्लॅबला सगळे आकार धरून युनिट दहाच्या खाली काही पडत नाही, म्हणजे वाचवलेले दीड हजार वर्ष पुरं व्हायच्या आत गेले आणि त्यानंतर दर उन्हाळ्याला नवे जातायत. पण बिल येतं वेगळ्या दिवशी, पंखा घेतला वेगळ्या दिवशी, दोघांची ओळख करून द्यायची काही गरज नाही. उलट बिल जास्त आलं की घरभर फिरून माणसं बसलेल्या खोलीतले पंखे बंद करत सुटा, त्याने घरात दरारा राहतो.

एक मात्र खरंच सांगतो, उपरोध बाजूला ठेवून. ज्याच्या हातात महिन्याच्या शेवटी मोजून दीड हजारच आहेत तो साधा पंखा घेतो तेव्हा तो चुकत नाहीये, त्याच्यापुढे दुसरा रस्ताच नाहीये, आणि रोजच्या कमाईवर घर चालवणारी बाई पाव किलो तेल सुटं घेते तेव्हा तिला "डबा घ्या ना, परवडतं" सांगणाऱ्याला दोन ठेवून द्याव्यात. हा सल्ला त्यांच्यासाठी नाहीच. हा फक्त बँकेत एफडी असताना चप्पल दर चार महिन्यांनी फुटपाथवरून घेणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी.

तर पुढे. ऑनलाइन मागवताना १४० रुपयांचं सामान झालं आणि ३० रुपये डिलिव्हरी चार्ज दिसला की संताप आला पाहिजे. तीस रुपये फुकट का द्यायचे? त्यापेक्षा ६० रुपयांचे नको असलेले नाचोज टाका, डिलिव्हरी फ्री. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे हेच सामान होतं आणि तो फोन केला की पोऱ्याबरोबर पाठवतोही, पण वाणी "कॉंग्रॅच्युलेशन्स, तुम्ही ३० रुपये वाचवले" असं हिरव्या अक्षरात कुठे लिहितो?

मोठी खरेदी असेल तर क्रेडिट कार्डावर नो कॉस्ट ईएमआय, म्हणजे बिनव्याजी हप्ते. नावातच आलंय सगळं. झिरो टक्के व्याज असं काही नसतं हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावून झालंय, पण रिझर्व्ह बँकेला काय कळतं शॉपिंगमधलं. होतं असं की व्याजाइतकी सूट तुम्हाला आधी दाखवतात, मग बँक ते व्याज हप्त्यातून घेते आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी घेते. व्याज १८०० रुपये निघालं तर ३२४ जीएसटीचे, वर प्रोसेसिंग फी असेल तर ती, आणि रोख दिले असते तर दुकानदाराने जे चार पैसे सोडले असते ते गेलेच. स्टेटमेंट उघडलं तरच हे दिसतं, तेव्हा काय करायचं नाही ते तुम्हाला कळलं असेलच.

शेवटी हेल्मेट. पुण्यात राहून हेल्मेट घेणं हीच मुळात उधळपट्टी, पण पावती फाडण्यापेक्षा बरं म्हणून घ्यावं लागतं. आयएसआय मार्क नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवायला आणि विकायला १ जून २०२१ पासून बंदी आहे, त्यामुळे रस्त्याच्या कडेला चादर अंथरून विकणाऱ्याकडच्या हेल्मेटवरही तो मार्क असतोच, आणि नसला तर तो चिकटवून देतो, माणूस चांगला असतो. तीनशे सांगेल, अडीचशेला देईल. आत धक्का शोषून घेणारा थर्माकोलचा जाड थर आहे का, हनुवटीचं बक्कल ओढल्यावर हातात तर येत नाही ना, असलं बघत बसलात तर तो वैतागेल. गाडी ऐंशी हजारांची, तिला कव्हर सातशेचं, सीटला वेगळं कव्हर, आणि डोक्याला अडीचशे, प्रत्येक वस्तूला तिच्या लायकीप्रमाणेच खर्च करावा माणसाने.

आणि समजा आपटलातच, तर मेडिक्लेम आहे की. तोही तुम्ही चार पॉलिसी बघून सगळ्यात कमी प्रीमियमवाला घेतलाय, तीन लाखांचा, खोलीच्या भाड्याची मर्यादा विम्याच्या रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला तीन हजार. त्यापेक्षा महागाच्या खोलीत गेलात तर नुसता खोलीचा फरक नाही, डॉक्टरच्या आणि ऑपरेशनच्या बिलालाही त्याच प्रमाणात कात्री लागते, सहा हजारांची खोली घेतली की निम्म्यावर येतं प्रकरण. तेव्हा ॲम्ब्युलन्समध्ये शुद्ध असली तर आधी खोलीचा रेट विचारा, आणि घासाघीस करायला लाजू नका.