कराच्या फॉर्मवर बायको, व्हिसाच्या फॉर्मवर संशयित

आज ऑफिसातून येता येता टॅक्सवाल्याचा फोन झाला आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. लिहून टाकते, नाहीतर झोप यायची नाही. लांब पोस्ट वाचायचा कंटाळा असेल त्यांनी आंब्यांच्या पेट्यांचे फोटो बघावेत, सध्या सगळ्यांच्या भिंतीवर तेच आहेत.

तर मी न्यू जर्सीत आणि नवरा सांगलीत. डिसेंबरात लग्न झालं हे तुम्हा बहुतेकांना माहीत आहे. ("या वयात?" हे विचारून झालंय, परत नको.) मी अमेरिकेची नागरिक, तो भारताचा. दिवाळीत आले होते तेव्हा स्पेशल मॅरेज ॲक्टखाली नोटीस दिली. कुणाची हरकत आहे का म्हणून ती नियमाप्रमाणे ३० दिवस रजिस्ट्रारच्या फळ्यावर लटकली. मग नाताळच्या सुट्टीत परत येऊन तीन साक्षीदारांसमोर सह्या केल्या, सासूबाईंनी ओटी भरली, शेजारीपाजारी पेढे वाटले, झालं लग्न.

आता टॅक्सवाला म्हणतो, "ताई, अभिनंदन, तुम्ही आख्खं २०२५ मॅरीड!" म्हटलं, अहो, वर्षाचे शेवटचे काही दिवस फक्त. तर नाही. ३१ डिसेंबरला तुमची जी स्थिती, ती वर्षभराची. जानेवारीपासून एकटीनं घरभाडं भरलं, एकटीनं गाडीवरचा बर्फ उपसला, एकटीच्या पगारातून दर पंधरवड्याला कर कापून दिला, तरी मी वर्षभर विवाहित. सांगलीच्या रजिस्ट्रारला खात्री करून घ्यायला महिना लागतो. अमेरिकेच्या तिजोरीला एक रात्र पुरते.

बरं, विवाहित तर विवाहित. मग विवाहितांचं जे असेल ते द्या की! दोघांनी मिळून रिटर्न भरलं तर २०२५ ची स्टँडर्ड वजावट ३१,५०० डॉलर. पण नवरा परदेशात, त्याला इथला सोशल सिक्युरिटी नंबर (आपल्या आधार-पॅनसारखा) नाही, म्हणून माझी रवानगी 'मॅरीड फायलिंग सेपरेटली' (विवाहित, पण रिटर्न वेगळं) या खान्यात. तिथं वजावट १५,७५०. म्हणजे लग्नच न केलेल्याला मिळते तेवढीच. "मग बिघडलं काय?" असं माझ्या भावानं विचारलं. बिघडलं हे, की शेअर्समध्ये तोटा झाला तर एकट्या माणसाला वर्षाला ३,००० डॉलरपर्यंत पगारातून वजा करता येतो, मला आता १,५००. चाळिशीत परत कॉलेजात जाऊन पदवी घेतली, त्या कर्जाच्या व्याजाची वजावट गेल्या वर्षीपर्यंत मिळत होती, ती लग्न केल्याबरोबर बंद. लग्नाचा आहेर!

याहून गंमत ऐका. माझ्या एका मैत्रिणीचा नवरा असाच परदेशात आहे, पण तिचा मुलगा तिच्याजवळ राहतो. नवरा परदेशी आणि मूल जवळ असलं की अमेरिकेच्या कर खात्याला ती बाई अविवाहित धरायला चालते. 'हेड ऑफ हाउसहोल्ड', म्हणजे कुटुंबप्रमुख, म्हणून तिला २३,६२५ ची वजावट. मला मूल नाही, म्हणून मी मात्र विवाहितच. आई आहे, तिला दर महिन्याला पैसे पाठवते, पण आई पडली पुण्यात. ती कॅनडात किंवा मेक्सिकोत राहत असती तर तिला अवलंबित दाखवायचा विचार तरी करता आला असता. कायद्यात या दोन देशांची नावं आहेत. कोथरूडचं नाव घालायचं राहून गेलं बहुतेक.

"मग नवऱ्याला घ्या ना रिटर्नवर," असं तुम्ही म्हणाल. घेता येतं, तशी सोय आहे. दोघांनी सही करून लिहून द्यायचं की आम्ही आमच्या मर्जीनं याला करापुरता अमेरिकेचा रहिवासी मानतो. हा माणूस विश्रामबागेत राहतो, सकाळी फिरायला कृष्णेच्या घाटावर जातो, पण करापुरता अमेरिकेचा रहिवासी. एकदा मानला की त्याची जगभरातली कमाई माझ्या रिटर्नवर. जगभरातली म्हणजे कॉलेजचा पगार, एफडीचं व्याज, मागच्या दोन खोल्यांचं भाडं, पीपीएफ (ज्याच्या व्याजावर भारतात एक पैसा कर नाही, इथे ते सरळ उत्पन्न), आणि म्युच्युअल फंडाच्या एसआयपी, ज्यांच्या एकेका फंडासाठी वेगळा फॉर्म भरायची वेळ येऊ शकते. वर अमेरिकेचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च. त्यामुळे त्याचा फॉर्म १६ असून नसल्यासारखा. दोन आर्थिक वर्षांच्या पगाराच्या स्लिपा काढून महिने जुळवत बसायचं आणि वर्षाच्या सरासरी दरानं रुपयांचे डॉलर करायचे. मान्य, भारतात भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं. पण तो हिशेब करणारा माणूस फुकट मिळत नाही.

आणि ही निवड एकदा मोडली की दोघांपैकी कुणालाच ती पुन्हा कधी करता येत नाही. घटस्फोट घेतलेल्या जोडप्यालासुद्धा परत लग्न करता येतं हो!

एवढं सगळं करायला आम्ही तयार होतो. खरंच होतो. अडलं कुठे, तर नंबरापाशी. सोशल सिक्युरिटी नंबर नाही, तर 'आयटिन' नावाचा, फक्त करापुरता दुसरा नंबर काढायचा. त्याला डब्ल्यू-७ फॉर्म, तो रिटर्नला जोडायचा आणि सगळं टपालानं टेक्सासमधल्या ऑस्टिनला पाठवायचं. सोबत नवऱ्याचा पासपोर्ट. मूळ पासपोर्ट. किंवा ज्यानं दिला त्याच खात्यानं प्रमाणित केलेली प्रत.

आता आमच्या नवऱ्याचं सांगते. हा माणूस मूळ कागद कुणाच्या हातात देत नाही. सातबारा, दहावीचं सर्टिफिकेट, गॅसचं पुस्तक, सगळं एका निळ्या फायलीत, आणि प्रत्येकाच्या चार-चार झेरॉक्स. पासपोर्ट लागणार म्हटल्यावर पठ्ठ्या दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजच्या आधी कोर्टासमोरच्या नोटरीकडे हजर. पहिल्या आणि शेवटच्या पानाची झेरॉक्स, त्यावर तिकीट, तिकिटावरून आडवी सही, लाल गोल सील, जांभळा शिक्का. शिक्का जरा सरकून फोटोतल्या त्याच्या कपाळावर आलाय, गंध लावल्यासारखा. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, खाली एवढंच, "काम झालं." इतका खूश होता की मी पण लिहिलं, "वा!"

आज टॅक्सवाल्यानं ती प्रत बघितली आणि म्हणाला, "ताई, नोटरी चालत नाही." एवढंच. पुढे त्याच दमात ऑक्टोबरपर्यंतच्या मुदतवाढीचा फॉर्म आणि त्याची फी.

भारतात ज्या नोटरीच्या शिक्क्यावर घरं भाड्यानं जातात आणि प्रतिज्ञापत्रं होतात, त्याची तिथं किंमत शून्य. ठीक आहे बाबा, तुमचा देश, तुमचे नियम. पण मग पासपोर्ट पाठवायचा म्हणजे काय, ते बघा. आयटिनच्या अर्जाला साधारण ७ आठवडे धरा, रिटर्नच्या हंगामात किंवा परदेशातून पाठवला तर ९ ते ११. तेवढे दिवस पासपोर्ट ऑस्टिनला. आणि इकडे जानेवारीत मी नवऱ्यासाठी आय-१३० (त्याला ग्रीन कार्डावर इथे आणायचा पहिला अर्ज) भरलाय. तिकडून पुढचं बोलावणं आलं की पोलीस क्लिअरन्सला पासपोर्ट, मेडिकलला पासपोर्ट, मुंबईला बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत मुलाखतीला पासपोर्ट. एक खातं म्हणतं पासपोर्ट आमच्याकडे टाका, दुसरं म्हणतं घेऊन समोर या, आणि दोन्ही खाती एकाच सरकारची. (पासपोर्ट समोर बघून तो खरा असल्याचं लिहून देणारे अधिकृत एजंट असतात, भारतातही. फी घेतात. हे मला माहीत आहे, कमेंटमध्ये मोठ्या शोधाच्या थाटात सांगू नका.)

मला खरा राग याचा आहे. कर घेताना माझं लग्न एका रात्रीत, बिनशर्त, आख्ख्या वर्षासाठी मान्य. फोटो मागितले नाहीत, कुणी विचारलं नाही की तुम्ही भेटलात कुठे. आणि तोच नवरा माझ्याजवळ राहायला यायचा म्हटला की लग्न खरं आहे हे सिद्ध करा. लग्नाचे फोटो द्या, कॉलचे रेकॉर्ड द्या, विमानाची तिकिटं द्या, एकत्र बँक खातं दाखवा. आणि हो, चांगला पुरावा कोणता म्हणाल तर एकत्र भरलेलं टॅक्स रिटर्न! जे भरायला नंबर पाहिजे, नंबराला पासपोर्ट पाहिजे, आणि पासपोर्ट...

खोटी लग्नं करणारे असतात, कबूल. पण म्हणून पन्नाशीकडे झुकलेला केमिस्ट्रीचा मास्तर ग्रीन कार्डासाठी माझ्या गळ्यात पडला असं वाटणाऱ्यांनी एकदा त्याला भेटावं. त्याला न्यू जर्सीच्या थंडीचं नाव काढलं तरी शिंका येतात.

आणि हे फक्त माझं रडगाणं नाही. २०२० आठवा. कोव्हिडमध्ये सरकारनं माणशी १,२०० डॉलर वाटले. पण ज्या नागरिकानं आयटिनवाल्या जोडीदाराबरोबर एकत्र रिटर्न भरलं होतं, त्याला स्वतःचेही मिळाले नाहीत. नवरा-बायकोपैकी एकाकडे सोशल सिक्युरिटी नाही म्हणून दोघांनाही शून्य. त्या डिसेंबरात अमेरिकेच्या काँग्रेसनं (म्हणजे संसदेनं) कायदा करून ते दुरुस्त केलं, तोवर लोकांनी भाडी कशी भरली असतील ते त्यांचं त्यांना माहीत. मग २०२४ चा मुन्योज खटला. बाई जन्मानं अमेरिकन, नवरा एल साल्वादोरचा, व्हिसा नाकारला. ती सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि कोर्टानं ६ विरुद्ध ३ मतांनी तिच्या विरोधात निकाल देताना सांगितलं की परदेशी जोडीदाराला देशात आणण्याचा मूलभूत हक्क नागरिकाला नाही. नाही तर नाही! मग ३१ डिसेंबरला माझं लग्न मोजू नका. मला १,५०० ऐवजी ३,००० वजा करू द्या आणि सोडून द्या. मी वरमाला ऑस्टिनला परत पाठवते, मूळ प्रत.

...चहा करून आले. जरा शांत झालंय.

मधल्या वेळात नवऱ्याशी बोलले. तिकडे सकाळ होती, कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. नोटरीचं सांगायचं कसं, म्हणून मी आडून आडून बोलत होते, तर तोच म्हणाला, "चालली नाही ना ती?" कसं कळलं विचारलं तर म्हणे, "तू 'वा' च्या पुढं काहीच लिहिलं नाहीस." मग स्वतःच म्हणाला, पाठवू पासपोर्ट, होईल ते होईल. हा माणूस! ज्यानं आयुष्यात गॅसचं पुस्तक शेजाऱ्याला दिलं नाही! मी म्हटलं, अजिबात नाही. आमचं पहिलं भांडण झालं असेल तर ते हेच, आणि त्यातही दोघं एकमेकांच्या बाजूनंच भांडत होतो.

त्याचं भारतातलं रिटर्न जुलैत तो स्वतः भरतो, मोबाइलवर, एका बैठकीत. पगार त्याचा, कर त्याचा. बायकोच्या नावावर पैसे फिरवलेत तर त्यावरचं उत्पन्न तुमच्यात मिळवतात, तेवढाच काय तो बायकोचा संबंध. आपल्याकडे गोव्याच्या लोकांचं तेवढं वेगळं आहे. पोर्तुगीज नागरी कायद्यामुळे त्यांच्या रिटर्नला ५ए नावाचं परिशिष्ट असतं, आणि पगार सोडून बाकीचं उत्पन्न नवरा-बायकोत अर्धं-अर्धं वाटून दाखवतात. म्हापशाची माझी मैत्रीण हे इतक्या ऐटीत सांगते, जणू वास्को द गामानं तिच्यासाठीच आणलं. आज मला तिचा हेवा वाटला.

आता "एवढा त्रास आहे तर सांगलीलाच जा ना राहायला" वाल्यांसाठी. गेले तरी सुटका नाही. अमेरिका आपल्या नागरिकाला जगाच्या पाठीवर कुठेही रिटर्न भरायला लावते. विश्रामबागेत बसून भरलं तर १५ एप्रिलऐवजी १५ जूनपर्यंत वेळ मिळेल, एवढीच सवलत. आणि सासूबाईंनी प्रेमानं माझं नाव त्यांच्या एफडीला लावलं, माझ्या नावावरच्या परदेशी खात्यांची बेरीज वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, की त्याचाही वेगळा फॉर्म. नवऱ्याला वर्षात ठरावीक मर्यादेच्या (२०२५ साठी १,९०,००० डॉलर) वर भेट दिली तर आणखी एक. ती काळजी मात्र मला नाही.

तर ठरलंय असं. या वर्षी सेपरेटलीच भरते, नवऱ्याच्या नंबराच्या जागी 'एनआरए' (नॉन-रेसिडेंट एलियन, म्हणजे अनिवासी परदेशी) लिहून. वेगळं भरलेलं रिटर्न नंतर तीन वर्षांत एकत्र करता येतं. मुदत संपल्यावर एकत्रचं वेगळं मात्र करता येत नाही. त्यामुळे नंबर मिळेल तेव्हा दुरुस्ती करू आणि यांच्याकडून एकेक डॉलर परत घेऊ. पासपोर्ट निळ्या फायलीतच राहील.

पुण्या-मुंबईत किंवा कोल्हापूरकडे पासपोर्ट समोर बघून डब्ल्यू-७ करून देणारा अधिकृत एजंट कुणी स्वतः वापरला असेल, तर नाव आणि फी इनबॉक्समध्ये कळवा. स्वतः वापरला असेल तरच. सीए झालेल्या भाच्यांचे नंबर नकोत, माझ्याकडे आधीच चार आहेत.