कौल

सकाळी गॅसवर दूध ठेवून मोबाईल बघितला तर गावच्या ग्रुपवर 18 फोटो. "जीर्णोद्धाराचे काम जोरात!" आणि खाली हात जोडल्याच्या इमोजींची रांगच रांग. कौलं उतरवलेली, वासे काढलेले, आणि सभामंडपाचे खांब, आमचे फणसाच्या लाकडाचे खांब, देवळामागे निळ्या ताडपत्रीखाली आडवे पडलेत. एकावर कुणी तरी सिमेंटची पोती रचलीयत. दूध अर्थातच उतू गेलं.

त्यातला डावीकडून दुसरा खांब माझ्या आजीचा. सातबाऱ्यावर नव्हता, पण होता. आरतीनंतर भजनाला ती तिथेच टेकून बसायची, मला ओढून शेजारी घ्यायची, "हय बस, पाठीक थंड लागता." त्या खांबावर खालच्या बाजूला कमळ कोरलेलं, त्याची एक पाकळी तुटलेली, आणि त्या खळग्यात माझं बोट बरोब्बर बसायचं. कमळाच्या वर हातभर लाकूड काळं, गुळगुळीत, आरशासारखं. पॉलिश कसलं आलंय, पिढ्यान् पिढ्या बायकांच्या पाठी आणि डोक्याचं खोबरेल तेल. माझ्यासाठी देवळातली सगळ्यात पवित्र जागा तीच, गाभाऱ्यात तर आम्हा बायकांना तसंही कोण सोडत होतं.

आता तिथे काय येणार ते न सांगता माहितीये. चकाचक टाइल्स, स्टीलचं रेलिंग, पीओपीचं सीलिंग, देवामागे गरगर फिरणारं एलईडीचं चक्र. आणि ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरात देणगीदारांची यादी, देवाच्या नावापेक्षा मोठ्या टायपात. कुडाळपासून कोल्हापूरपर्यंत कुठेही जा, तेच देऊळ. बाहेरून बघून कळत नाही की हे मंगल कार्यालय आहे की दातांचा दवाखाना. ज्या सुताराने ते कमळ कोरलं त्याचं नाव कुणालाच माहीत नाही, त्याने कुठे लिहिलंच नाही, आणि आपण पाच हजार दिले की आधी पाटी मागतो!!

आणि हे फक्त दिसण्याचं नाही हो. जुन्या मंडपात पखवाज वाजला की आवाज लाकडात मुरायचा, कौलांच्या फटीतून थोडा बाहेर जायचा, बुवांचा शब्द न् शब्द कळायचा. शेजारच्या गावात नवीन देऊळ झालंय, तिथे गेल्या गणपतीत भजनाला बसलो, झांज वाजली की टाइल्सवर आपटून कानात शिरते, शेवटी बुवांना माईक दिला तर आणखी वाट लागली. मे महिन्यात स्लॅब असा तापतो की रात्री नऊलासुद्धा वरून शेक येतो, मग आठ पंखे. आमच्या भिंतींचा चिरा, म्हणजे जांभा दगड, जमिनीतून काढला की मऊ असतो, हवा लागली की कडक होत जातो, श्वास घेणारा दगड आहे तो. त्याला सिमेंटचा गिलावा आणि वरून ऑइल पेंट फासायचा, ओल आत कोंडायची, आणि मग म्हणायचं की बघा भिंत फुगली, पाडायला पाहिजे.

गंमत म्हणजे तिकडे पंढरपूरला नेमकं उलटं झालं. 2024 मध्ये अडीच महिने पदस्पर्श दर्शन बंद ठेवून विठोबाच्या गाभाऱ्यातलं मागाहून चढवलेलं ग्रॅनाइट आणि टाइल्स उतरवल्या, आतला मूळचा काळा दगड मोकळा केला. ते फोटो बघून आमच्याच ग्रुपवर किती जण गहिवरले होते! तीच माणसं आज टाइल्सच्या रंगावर मतदान घेतायत. क्रीम की आयव्हरी.

बरं, मान्य, मंगलोरी कौलंही काही देवाने पाठवलेली नाहीत, 1865 मध्ये मंगळूरला बासेल मिशनवाल्यांनी कारखाना काढला तेव्हापासूनची ती. त्याआधी नळीची कौलं, गवत. तेव्हाही कुणाची आजी चिडली असेलच.

तर तणतणत काकाला फोन लावला. म्हटलं काका, कौलं काढायच्या आधी देवाला कौल तरी लावलात का? मला वाटलं आता गप्प बसेल. तर शांतपणे म्हणाला, "लावलो मा. देवान उजवो कौल दिल्यान."

उजवा म्हणजे होकार. आता बोला.

मग तोच बोलत राहिला. वाश्यांना वाळवी लागलेली, कौलं परतायला माणूस मिळत नाही, सुतारकाम करणाऱ्या घरातली पोरं गोव्याला हॉटेलात. "तू येतंस गणपतीक पाच दिवस. पावसात गळता तेव्हा बालद्यो कोण लावता?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी गेल्या वर्षी वर्गणी 2001 दिली होती, तीही दोनदा आठवण केल्यावर. तरी वासे बदलता आले असते, खांब नाही, ते धडधाकट होते, हे मी अजूनही म्हणते. पण मी हे डोंबिवलीत पंख्याखाली बसून म्हणतेय.

शेवटी विचारलं, तो दुसरा खांब देशील का? जरा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "आईचो मा? घेऊन जा. नायतर चुलीतच जातलो." आणि घसा खाकरून फोन ठेवला. तो पण तिथेच बसायचा हे माझ्या लक्षातच नव्हतं आलं, आजीच्या दुसऱ्या बाजूला.

कुणाच्या ओळखीत टेम्पोवाला आहे का? कुडाळ ते डोंबिवली. आंब्याचे टेम्पो तिकडून भरून येतात आणि जाताना रिकामे जातात, मला नेमकं उलटं हवंय. खांब साडेनऊ फुटांचा आहे. आत्ताच टेप घेऊन लिफ्ट मोजून आले, सात फूट. जिन्यानेच चढवावा लागणार, चौथा मजला.